अंडं, दूध, लोणी न घालता चॉकलेट केक: सगळा हिशेब सोड्याचा

प्रश्न असा आहे: घरी ओटीजी (विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन) आहे आणि व्हीगन चॉकलेट केक करायचाय. म्हणजे अंडी, दूध, दही, लोणी, कंडेन्स्ड मिल्क यातलं काहीच नको. जवसाची पूड घालून पाहिली, केळं घालून पाहिलं, सोयाचं दही घालून पाहिलं. एकदा केक मध्ये खचला, एकदा तळाशी बोटभर गिच्च थर राहिला, आणि एकदा फुगला छान पण खाताना साबणाची चव आली. नेमकं प्रमाण काय, आणि चुकतं कुठे?

जवस, केळं, सोया दही हे तिन्ही आधी बाजूला ठेवा. या केकमध्ये अंड्याला पर्याय लागतच नाही. स्पंज केकमध्ये फेटलेलं अंडं हवा धरतं आणि भाजताना घट्ट होऊन जाळी सांभाळतं. इथे हवा सोड्यातून येते, आणि जाळी उभी राहते ती मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन घट्ट झाल्यामुळे, थोडी ग्लुटेनमुळे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनामुळे. जवसाच्या बुळबुळीतपणाने किंवा केळ्याच्या गराने त्यात भर पडत नाही, उलट ओलावा अडकून राहतो आणि केक दडस होतो. तळाशी गिच्च थर येण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

अमेरिकेत या प्रकाराला ‘वॅकी केक’ किंवा ‘डिप्रेशन केक’ म्हणतात. १९३० च्या दशकातली मंदी आणि पुढचं युद्धकाळातलं रेशनिंग यांच्याशी त्याचं नाव जोडलं जातं. लोणी-अंडी मिळत नव्हती म्हणून तो तेल, पाणी, सोडा आणि व्हिनेगर यांवर भागवलेला केक आहे. व्हीगन हा शब्द त्याला नंतर चिकटला. म्हणूनच त्यात कशाची नक्कल करावी लागत नाही.

२० सेंटिमीटर (८ इंची) गोल टिनसाठी प्रमाण:

मैदा १८० ग्रॅम
साखर, बारीक दाण्याची, २०० ग्रॅम
कोको पावडर, बिनसाखरेची, ३० ग्रॅम
खाण्याचा सोडा सपाट पाऊण टीस्पून (सुमारे ३.५ ग्रॅम)
मीठ अर्धा टीस्पून
पाणी २४० मिली, त्यातलं १२० मिली उकळतं
तेल ८० मिली
पांढरं व्हिनेगर १५ मिली, म्हणजे १ टेबलस्पून
व्हॅनिला इसेन्स १ टीस्पून
इन्स्टंट कॉफी १ टीस्पून (ऐच्छिक, पण घालाच)

मैदा, साखर, कोको वजनावर घ्या. मैद्यात कप बुडवून भरला तर १४५ ग्रॅमपर्यंत मावतो, चमच्याने हलकेच भरला तर १२० ग्रॅम. दीड कपात एवढा फरक पडला की केक कोरडा का झाला याचं वेगळं कारण शोधायला नको. घरातल्या वाटीचं तर काही खरंच नाही. सोड्याचं मात्र उलटं आहे. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा ३-४ ग्रॅमला विश्वासाचा नसतो, तिथे ५ मिलीचा मापाचा चमचा घ्या आणि वर आलेला सोडा सुरीच्या पाठीने सपाट करा. चहाचा चमचा हे माप नव्हे.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक पाककृतींत एवढ्याच मैद्याला भरून एक टीस्पून सोडा सांगतात आणि ‘व्हिनेगर सोड्याला मारतं’ असं म्हणून पुढे जातात. हिशेब करून बघा. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल ४ ते ५ टक्के असतं. १५ मिलीत ते फार तर पाऊण ग्रॅम भरेल, आणि तेवढ्याने जेमतेम १ ग्रॅम सोडा संपतो. साडेतीन ग्रॅम सोडा पूर्ण संपवायचा तर ५० मिली व्हिनेगर लागेल आणि केक आंबट होईल. मग उरलेल्या सोड्याचं काय होतं? थोडा कोकोतल्या आम्लाशी संपतो. बाकीचा ओव्हनच्या उष्णतेने फुटतो. त्यातून वायू निघतोच, केक फुगतोच, पण मागे राहतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे साध्या भाषेत धुण्याचा सोडा. साबणासारखी चव येते ती इथून. थोडा शिल्लक राहिला तर बिघडत नाही, उलट कोकोचा रंग गडद होतो आणि चव गोलाईची लागते. म्हणून मी पाऊण टीस्पूनवर थांबतो. एक टीस्पून घातलात तर केक चारचौघांत खपून जाईल, पण जिभेला जाणवेल. ‘अजून फुगावा’ म्हणून दीड घातलात तर चवही जाईल आणि केकही खचेल, कारण जाळी घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे मोठे होऊन फुटतात.

यात कोकोचा प्रकार फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी पाहत नाही. साधी कोको पावडर फिकट तपकिरी आणि किंचित आम्लधर्मी असते. दुसरी अल्कलीने प्रक्रिया केलेली, गडद आणि चवीला मवाळ. तिच्यात सोड्याशी झुंजायला आम्ल उरलेलं नसतं. पाकीट उलटून घटक वाचा: अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर म्हणून ५०० किंवा ५०१ असा आकडा दिसला तर ती प्रक्रिया केलेली. अशी कोको असेल तर सोडा पाव टीस्पूनवर आणा आणि सव्वा टीस्पून बेकिंग पावडर घाला. व्हिनेगर तेवढंच ठेवा. ड्रिंकिंग चॉकलेट वापरू नका, त्यात बहुतांश साखरच असते. केक गोड होईल पण चॉकलेटचा होणार नाही.

सोडा जुना आहे का हे बघायला चिमूटभर सोड्यावर थोडं व्हिनेगर टाका, लगेच फसफसला पाहिजे. बेकिंग पावडरची परीक्षा गरम पाण्यात होते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, उघडी राहिलेली बेकिंग पावडर दमट हवेने निकामी होते. सोडा त्यापेक्षा टिकाऊ.

बाकीच्या जिनसांवर थोडक्यात. तेल वास नसलेलं हवं: सूर्यफूल, सोयाबीन, राइस ब्रान. घाण्याचं शेंगदाणा तेल चॉकलेटवर कुरघोडी करतं. खोबरेल तेल चालतं, पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीत किंवा फ्रिजमध्ये ठेवला की केक कडक लागतो. व्हिनेगर नसेल तर तेवढाच लिंबाचा रस घ्या, आम्लाचा हिशेब जवळजवळ तोच बसतो. पाण्याऐवजी सोया किंवा बदामाचं दूध घातलं तर पोत जरा मऊ येतो, पण चॉकलेटची चव पाण्यातच स्वच्छ लागते. निव्वळ ‘पाण्याचा केक’ म्हणायला कमीपणा वाटतो म्हणून दूध विकत आणू नका.

साखर कमी करण्याची हौस सगळ्यांना असते. १५० ग्रॅमपर्यंत या. त्याखाली गेलात तर केक चिवट आणि कोरडा होतो, कारण साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते आणि ग्लुटेनला घट्ट होऊ देत नाही. गूळ घालायचा तर २०० ग्रॅम बारीक चिरून त्याच उकळत्या पाण्यात विरघळवा, गाळून घ्या आणि एकूण पाणी २० मिलीने कमी करा. केक जरा जड होतो. कणीक वापरायची तर निम्मा मैदा, निम्मी कणीक. गिरणीवर दळताना स्टार्चचे कण जास्त तुटतात आणि ते जास्त पाणी पितात, म्हणून २५ मिली पाणी वाढवा. पूर्ण कणकेचा केक होतो, पण मग त्याला या केकच्या मापाने मोजू नका.

व्हीगन म्हणजे एगलेस नव्हे, हे खरेदी करताना पुन्हा पुन्हा आठवावं लागतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला आडकाठी करत नाही. एगलेस केक प्रीमिक्समध्ये दुधाची पावडर असू शकते, आणि डार्क चॉकलेटमध्येही ‘मिल्क सॉलिड्स’ किंवा ‘बटर ऑइल’ लिहिलेलं सापडतं. भारतात २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्ह आहे, इंग्रजी व्ही अक्षर आणि वर छोटं पान. ते नसेल तर घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. परदेशात राहणाऱ्यांना साखरेचाही प्रश्न पडतो, कारण अमेरिकेत काही ठिकाणी उसाची साखर शुद्ध करताना जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत पांढरी साखर सल्फिटेशनने, म्हणजे उसाचा रस गंधकाच्या वायूने शुद्ध करून होते, त्यात तो लागत नाही.

कृती. ओव्हन आधी तापवा, १८० अंश, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू, पंखा बंद, निदान १५ ते २० मिनिटं. हे ‘नंतर बघू’ म्हणून सोडायचं काम नाही, कारण मिश्रण तयार झाल्यावर थांबायला वेळ नसतो. टिनच्या तळाला गोल कापलेला बेकिंग पेपर लावा, कडांना तेलाचं बोट फिरवून मैदा भुरभुरवा. डबा गुंडाळायचा पातळ बटर पेपर चिकटतो, तो नको.

एका भांड्यात कोको आणि कॉफी घ्या, त्यावर १२० मिली उकळतं पाणी थोडं थोडं ओतत गुठळ्या मोडा. कोको गरम पाण्यात भिजला की त्याचा वास फुलतो. कोरडी कोको मैद्यात मिसळली तर केक होतो, पण निम्मी चव आत झोपून राहते. ही पेस्ट गुळगुळीत झाली की साखर, मीठ आणि उरलेलं १२० मिली थंड पाणी घालून ढवळा, मग तेल आणि व्हॅनिला. आता बोट घालून बघा: कोमट असावं, गरम नाही. गरम असेल तर थांबा. गरम मिश्रणात सोडा पडला की वायू भांड्यातच उडून जातो आणि ओव्हनसाठी फार काही उरत नाही. कोमट झालं की व्हिनेगर घाला.

मैदा आणि सोडा एकत्र दोनदा चाळा. सोड्याची एक गुठळी राहिली तरी केकमध्ये तपकिरी ठिपका दिसतो आणि नेमका तोच घास पाहुण्यांच्या ताटात जातो. चाळलेला मैदा ओल्या मिश्रणावर एकदम टाका आणि हातातल्या व्हिस्कने मधून बाहेर वीस-पंचवीस वेळा फिरवा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. बारीक गुठळ्या दोन-चार राहिल्या तर राहू द्या, भाजताना विरतात. बीटर लावू नका. पाणी लागलेला मैदा जितका फेटाल तितकं ग्लुटेन जोर धरतं. मग केकमध्ये उभी लांब बोगद्यासारखी भोकं पडतात, वर शिखर येऊन फुटतं, आणि घास ब्रेडसारखा चिवट लागतो. मिश्रण पातळ, ओतण्याजोगं दिसेल. भजीच्या पिठापेक्षा सैल. घाबरून मैदा वाढवू नका.

मैदा ओल्यात पडला त्या क्षणापासून घड्याळ सुरू. तीन-चार मिनिटांत टिन ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. ओतून झाल्यावर ओट्यावर एकदा हलकेच आपटा म्हणजे मोठे बुडबुडे निघतील. दहा वेळा आपटाल तर लहानही निघतील.

टिन मधल्या किंवा त्याच्या खालच्या कप्प्यात ठेवा, केकचा वरचा भाग ओव्हनच्या मध्यावर येईल असं. ३२ ते ३८ मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. त्या वेळी जाळी अजून ओली असते, आणि गार हवेचा झोत आत आला की वायू आकसतो आणि मधला भाग बसतो. ३० व्या मिनिटाला टूथपिक मध्यभागी घालून बघा: ओलं पीठ नको, एखाद-दुसरा ओलसर कण चिकटलेला हवा. काडी अगदी कोरडी ठणठणीत यायची वाट पाहिलीत तर तुम्ही दोन-तीन मिनिटं उशीर केला. कडा टिनपासून सुटायला लागतात आणि वर बोटाने दाबलं की खळगा भरून येतो. थर्मामीटर असेल तर केकच्या पोटात ९६ ते ९८ अंश. टिन १८ सेंटिमीटरचं असेल तर केक उंच होतो, १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं धरा. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडमध्ये पंखा फिरत असतो, तिथे १६० ते १६५ अंश पुरतात.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत १५-२० अंशांचा फरक असणं नेहमीचं आहे. ओव्हन थर्मामीटर घेणं उत्तम. नसेल तर साखरेची परीक्षा करा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत अर्धा चमचा साखर ठेवून बटण १८० वर लावून १५ मिनिटं तापवा. साखर वितळली तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. मग १९० वर लावून नव्या साखरेने तसंच करा, आता वितळली नाही तर तो थंड आहे. गरम ओव्हनमध्ये केकवर लवकर साल येते, आतलं मिश्रण ती फोडून वर येतं आणि शिखर तयार होतं. थंड ओव्हनमध्ये वायू निघून जातो पण स्टार्च घट्ट होत नाही, मग तळाशी गिच्च थर राहतो. म्हणजे तो थर तीन कारणांनी येतो: केळं-जवसासारखी भर, तयार मिश्रण फार वेळ बाहेर राहणं, आणि कमी तापलेला ओव्हन. बघा तुमचं कुठलं.

मध्ये खचण्याचं कारणही ओळखता येतं. ओव्हनमध्येच, दार न उघडता बसला तर सोडा जास्त. बाहेर काढल्यावर हळूहळू बसला आणि मध्ये ओला निघाला तर कच्चा राहिला. नीट भाजलेला केकही गार होताना चार-पाच मिलिमीटर उतरतो, त्याला खचणं म्हणत नाहीत.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ घालून केक करायची पद्धत घरोघरी आहे. केक होतो, पण कोरडा तापवल्याने कुकर खराब होतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळू शकतो. त्यापेक्षा जाड बुडाची खोल कढई आणि घट्ट झाकण घ्या. तळाला दीड वाटी मीठ, वर स्टँड, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून टिन ठेवा, मग मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. वरून साल येत नाही, बाकी ठीक. मोदकपात्रात वाफवलेला तर मला याहून बरा वाटतो. झाकणाला आतून फडकं बांधायचं म्हणजे थेंब पडत नाहीत, पाणी आधी खळखळ उकळलेलं हवं, ४० ते ४५ मिनिटं. फार मऊ, ओलसर केक निघतो.

केक टिनमध्येच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर उलटा. लगेच काढलात तर मोडतो, तासभर टिनमध्ये ठेवलात तर वाफेने तळ ओला होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, गरम असताना सुरीला चिकटून चुरा होतो. खरं तर हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

वरून काही हवं असेल तर सोपं गनाश, म्हणजे चॉकलेटचा दाट लेप: १०० ग्रॅम दूध नसलेलं डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर ६० मिली गरम पाणी किंवा नारळाचं पहिलं घट्ट दूध एकदम ओता, मिनिटभर थांबा, मधून ढवळा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब पडले तर ते दगडासारखं घट्ट होतं, म्हणून लोक पाण्याला घाबरतात. पण थेंबांऐवजी पुरेसं पाणी असलं की ते पुन्हा गुळगुळीत होतं. घरी काढलेलं नारळाचं दूध उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही, तसा केक त्याच दिवशी संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. साधा केक हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस, दमट हवेत एकच, फ्रिजमध्ये पाच दिवस. तेलाचा असल्याने फ्रिजमध्ये लोण्याच्या केकसारखा कडक होत नाही.

पुण्याच्या उंचीला प्रमाण बदलावं लागत नाही. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, सोडा पाऊणऐवजी अर्धा टीस्पून करा आणि पाणी एक टेबलस्पून वाढवा.

दुप्पट करायचा असेल तर दोन टिन घ्या, एकच खोल टिन नको, मध्यभाग कच्चा राहतो. ओटीजीत एका वेळी एकच टिन मावत असेल तर सगळं मिश्रण एकदम कालवू नका. दुसऱ्या केकचं ओलं एका भांड्यात, मैदा-सोडा चाळून दुसऱ्या भांड्यात, असं वेगळं झाकून ठेवा, आणि पहिला केक बाहेर आल्यावर दोन्ही एकत्र करा.